पोटभाडेकरूचा खुलासा

बँकेतल्या माणसाला घाम फोडण्याचे दोन हमखास उपाय आहेत. पहिला म्हणजे संध्याकाळी कॅश शॉर्ट लागणं, आणि दुसरा म्हणजे हेड ऑफिसचं असं पत्र येणं की ज्याचं शेवटचं वाक्य "सात दिवसांचे आत लेखी खुलासा सादर करावा" असं असतं. पहिल्यात निदान पदरचे पैसे भरून सुटता येतं. दुसऱ्यात पदरची अक्कल भरावी लागते, आणि ती आमच्याकडे नेहमीच शॉर्ट असते.

मला आलेल्या पत्रात लिहिलं होतं, "सदर शाखेतील संगणक क्र. ४ वर दुसरी, कालबाह्य कार्यप्रणाली अनधिकृतपणे वास्तव्यास असल्याचे तपासणीत आढळून आले आहे." वास्तव्यास! जणू मी माळ्यावर फरारी आरोपी दडवून ठेवला होता आणि रोज दुपारी त्याला डबा पोचवत होतो.

खुलासा मी रीतसर पाठवला. "सदरहू", "उपरोक्त", "सबब" हे शब्द घालून चार ओळींत बसेल तेवढाच. पण खरा खुलासा चार ओळींत बसत नाही. तो इथे करतो. इथे निदान कोणी आवक क्रमांक टाकून फायलीला लावणार नाही.

प्रकरण समजण्यासाठी आधी २०१९ सालात जावं लागेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या गावात शिरली. नदीकाठची माणसं पुराला घाबरत नाहीत, त्याचं कौतुक करतात. २००५ च्या पुराची पातळी पेठेतल्या दुकानांच्या भिंतींवर लोकांनी अभिमानाने रंगवून ठेवली होती. २०१९ ने तो अभिमान बुडवला. पाणी ओसरल्यावर शाखेचं रेकॉर्ड रूम उघडलं तेव्हा जुन्या लेजरांचा नुसता लगदा झाला होता. तीस वर्षांची व्याजाची आकडेमोड, तीन-चार पिढ्यांच्या कारकुनांची वळणदार अक्षरं आणि लाल शाईच्या रेघा यांचं मिळून पिठलं झालं होतं. ते फावड्याने ओढून ट्रॅक्टरमध्ये भरलं. आमचा शिपाई मामा म्हणाला, "पहिल्यांदाच सगळी खाती टॅली झाली बघा."

वाचला तो फक्त एक जुना संगणक. तो वरच्या फडताळावर होता, तोही कोणी काळजीने ठेवला म्हणून नव्हे, तर भंगारात काढण्याच्या मंजुरीचं पत्र आलं नव्हतं म्हणून. कोअर बँकिंग यायच्या आधी शाखेचा सगळा हिशेब त्या यंत्रावर होता. त्यावर विंडोज ९८, आणि तिच्या पोटात डॉसवर चालणारा, निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटवणारा बँकेचा प्रोग्रॅम. कोअर बँकिंगमध्ये जाताना चालू खात्यांची बाकी तेवढी नव्या घरी गेली. मुदत संपूनही कोणी न्यायला न आलेल्या ठेवी एका ढोबळ खात्यात एकरकमी टाकल्या गेल्या. त्या कुणाच्या, कधीच्या, त्यांवर कर्ज उचललं होतं की नाही, हा तपशील जुन्या घरीच राहिला. घर बदलताना आपण नाही का, टीव्ही आणि फ्रीज जपून नेतो आणि आजीची पितळी अडकित्ता असलेली पेटी "नंतर नेऊ" म्हणून ठेवतो, तसं.

पुढे तो जुना संगणकही आचके देऊ लागला. सुरू करताना असा आवाज करायचा की लायनीतली माणसं मागे सरकायची. मी म्हटलं, हा प्रोग्रॅम नव्या यंत्रावर टाकू. टाकला. नव्या विंडोजने एका वाक्यात सांगितलं की हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही. कारण नंतर कळलं. जुना प्रोग्रॅम १६ बिटांचा, नवी विंडोज ६४ बिटांची, आणि ६४ बिटांची विंडोज १६ बिटांच्या प्रोग्रॅमला उंबऱ्याच्या आत घेत नाही. श्रीमंत सूनबाईने सासूच्या माहेरची माणसं ओळखू नयेत, त्यातला प्रकार.

तेव्हा रीजनल ऑफिसमधून प्रिंटर दुरुस्तीला एक पोरगा यायचा. वय पंचवीस, पाठीला दप्तर, कानात बोंडं. मी माझं गाऱ्हाणं सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, त्यात काय! जुना कॉम्प्युटर नव्याच्या आत ठेवू."

"आत? त्याच्या डब्यात मावेल का?"

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी धनादेशाच्या मागे सही न करणाऱ्यांकडे पाहतो. पण पोरगा गुणी. जुन्या यंत्राची सबंध डिस्क त्याने एका फाईलमध्ये उतरवून घेतली. सबंध डिस्क म्हणजे किती, तर ४ जीबी. आमच्या मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो याहून जास्त भरतात. मग नव्या संगणकावर एक प्रोग्रॅम टाकला, त्यात एक खोटाखोटा संगणक मांडला, ती फाईल त्याला डिस्क म्हणून दिली आणि बटण दाबलं. नव्या विंडोजच्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि तिच्या आत विंडोज ९८ हात जोडून उभी राहिली. तेच ढगांचं चित्र, तीच सुरावट. मामा कौतुकाने म्हणाला, "बाळंत झालं म्हणायचं."

मी बी.कॉम. झालेला माणूस. मला ही विद्या समजली ती पोटभाडेकरूच्या भाषेत. घर एक. घरमालक म्हणजे नवी विंडोज. तिने आपल्या घरात एक खोली काढून दिली आणि मध्ये एक दलाल नेमला. पोटभाडेकरूला वाटतं की सगळं घर आपलंच आहे. त्याला डिस्क दिसते, ती खरं तर मालकाच्या कपाटातली एक फाईल. त्याला मेमरी दिसते, ती मालकाच्या ताटातली चतकोर भाकरी. आणि चतकोरच द्यावी लागते, कारण विंडोज ९८ ला १ जीबीहून जास्त मेमरी दिली तर तिला ती झेपत नाही आणि ती उठूच शकत नाही. चाळीतल्या म्हाताऱ्याला एकदम मोठ्या फ्लॅटमध्ये नेल्यावर रात्रभर झोप लागत नाही, त्यातलंच हे.

भाडेकरूने एखादा मोठ्या अधिकाराचा हुकूम सोडला, तर तो मधल्यामध्ये दलाल धरतो, स्वतः पुरा करतो आणि "आपल्या आज्ञेप्रमाणे झालं" असं खाली कळवतो. आमच्याकडे चेअरमनसाहेब वृक्षारोपण करतात तेव्हा खड्डा, रोप, पाणी सगळं मामाचंच असतं, आणि झाड साहेबांनी लावलं असं साहेबांनाही वाटतं. हीच युक्ती.

ही काल-परवाची फॅशन असावी असं ज्यांना वाटतं (पत्र लिहिणाऱ्यांना वाटतंच) त्यांच्या माहितीसाठी सांगतो की, आयबीएम कंपनीची माणसं १९६० च्या दशकात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे हेच करत होती. एका अवाढव्य यंत्राची अनेक खोटी यंत्रं करायची आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की सगळं यंत्र माझं. १९७२ साली त्यांनी ते व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणलं. टेबलावरच्या संगणकाला मात्र हे जमत नव्हतं. त्याच्या चिपमध्ये १७ आज्ञा अशा होत्या की भाडेकरूने त्या सोडल्या तर दलालाला पत्ताच लागायचा नाही आणि गुपचूप भलतंच व्हायचं. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ साली त्या आज्ञा वाटेतच बदलून टाकण्याची युक्ती केली, आणि २००५ पासून चिप बनवणाऱ्यांनी दलालाची सोय चिपमध्येच करून दिली. म्हणजे ज्या गोष्टीला आमचं पत्र "अनधिकृत वास्तव्य" म्हणतं, तिच्यासाठी कारखानदाराने चिपमध्ये खोली बांधून ठेवली आहे!

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, एवढी वकिली कशासाठी? तुला काय त्या निळ्या पडद्यात मूळव्याधीचं औषध सापडलं?

औषध नाही, एक आजी सापडल्या. म्हणजे त्या आपणहून आल्या. लुगड्याच्या ओच्यातून प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून वर्तमानपत्राची घडी आणि घडीतून मुदत ठेवीची पावती. १९९७ सालची, ८ हजारांची, नवरा-बायकोच्या नावावर, "दोघांपैकी एक वा हयात" अशी.

"आवं साहेब, ह्ये ह्यांनी ठेवलंवतं. थोरलीच्या लग्नाला म्हून. मला बोललंच न्हाईत कदी. ट्रंकंत घावलं."

थोरलीचं लग्न केव्हाच झालं होतं. आता थोरलीची थोरली लग्नाची होती. नात शिकलेली, तिने आजीला सांगितलं होतं की दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क बुडत नाही, बँकेत जाऊन मागता येतात. पोरीचं बरोबर होतं. तो निधी २०१४ साली सुरू झाला, आणि अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ साली "उद्गम" नावाची सोयही केली. पण मागणी करायची तर शाखेने आधी लिहून द्यावं लागतं की ही ठेव आमचीच, हिचे पैसे पूर्वी दिलेले नाहीत आणि हिच्यावर कर्ज नाही. पावती जुनी, लेजर ट्रॅक्टरमधून गेलेलं, कोअर बँकिंगमध्ये नुसता ढोबळ आकडा. साहेबांनी पावती उलटी केली, सुलटी केली, उजेडाला धरली आणि "आजी, पुढल्या महिन्यात या" म्हणाले. शाखेत तोंड भरून नाही म्हणण्याची ही सभ्य रीत आहे.

मी क्र. ४ वर गेलो. चौकट उघडली. निळ्या पडद्यावर पावतीचा नंबर टाकला. नाव आलं, रक्कम आली, तारणकर्ज निरंक, पैसे अदा केल्याची नोंद नाही. मी पडदा साहेबांना दाखवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सही केली. आजींनी विचारलं, "ह्येंचं नाव हाय न्हवं त्यात?" मी म्हटलं, आहे. त्या चौकटीकडे वाकून बघत राहिल्या. वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिल्या.

आता पत्र लिहिणाऱ्या साहेबांचे मुद्दे घेऊ. ते मूर्ख नाहीत. मूर्ख माणसाशी भांडायला लेख लागत नाही, कँटीन पुरतं.

ते म्हणतात, जुनी कार्यप्रणाली धोक्याची. एकदम मान्य. विंडोज ९८ ला तिच्या कंपनीने २००६ साली सोडचिठ्ठी दिली. तेव्हापासून तिच्या छपराची भोकं बुजवायला कोणी येत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर धुमाकूळ घातला तो अशाच न बुजवलेल्या भोकांतून. २०१८ साली रिझर्व्ह बँकेला फर्मान काढावं लागलं की एटीएममधल्या कालबाह्य कार्यप्रणाली टप्प्याटप्प्याने बदला आणि जून २०१९ पर्यंत सगळ्या संपवा. योग्यच केलं. चौकात उभं राहून अनोळखी माणसाला नोटा मोजून देणारा पहारेकरी आंधळा असून चालत नाही.

पण माझा भाडेकरू चौकात उभा नाही हो! तो मधल्या खोलीत, दार लावून बसला आहे. पोराने त्या खोट्या संगणकाचं नेटवर्क कार्डच काढून टाकलं. मालकाच्या फायली त्याला दिसत नाहीत, त्याच्या फायली मालकाला दिसत नाहीत. त्याला इंटरनेट नावाची वस्तू आहे हेही ठाऊक नाही. वर, पोराने त्याचा एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला आहे. आत काही बिघडलं तर एका बटणासरशी तो होता तसा परत. आमच्या शाखेच्या ३१ मार्चचा असा स्नॅपशॉट घेता आला असता तर मी तो ३० तारखेच्या दुपारचा घेतला असता.

ते म्हणतात, दलालही फितूर होऊ शकतो. हेही खरं. २०१५ साली अशा काही दलालांमध्ये एक भोक सापडलं, आणि ते कुठे सापडावं? खोट्या फ्लॉपीच्या कप्प्यात! जगातून फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण खोट्या संगणकात तिचा खोटा कप्पा कोणी काढायचा राहिला होता आणि चोराने त्यातून यावं अशी सोय झाली होती. मी पोराला विचारलं. त्याने फ्लॉपीचा कप्पा काढला, दलालाची नवी आवृत्ती घातली. दहा मिनिटांचं काम. खुलासा मागवण्याला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

ते म्हणतात, जुन्या विंडोजचा परवाना त्या जुन्या डब्यापुरता होता. इथे मात्र माझी जीभ जरा अडखळते. मी ही गोष्ट पोराला सांगितली. तो म्हणाला, "मग विंडोज कशाला पाहिजे काका? प्रोग्रॅम डॉसचा आहे, फ्रीडॉसवर टाकू." फ्रीडॉस हा १९९४ पासून हौशी मंडळींनी चालवलेला, फुकटचा डॉस. त्याची नवी आवृत्ती २०२५ साली निघाली आहे. म्हणजे परवान्याचा प्रश्न मिटला आणि "कालबाह्य" या रकान्यात खूण करायचीही सोय राहिली नाही. प्रोग्रॅम तिथे एकदा "शून्याने भागले" अशी बोंब मारून आडवा झाला. यंत्र किती जलद आहे हे तो सुरुवातीला आकडे मोजून ठरवतो, आणि आजची यंत्रं इतकी जलद की त्याचं गणितच कोलमडतं. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमांना ही खोड आहे. पोराने त्याला एक ठिगळ लावलं. चालला.

यात माझा एक स्वार्थ होता, तो लपवत नाही. त्या विंडोज ९८ मध्ये माझे जुने तेवीस विनोदी लेख होते, त्या वेळच्या मराठी फाँटात टाइप केलेले. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रत्येक फाँटवाल्याचा संकेत वेगळा. ते लेख दुसरीकडे उघडले की इंग्रजी अक्षरं, डॉलर आणि कंस यांची कढी दिसते. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण त्यात रफार उडतो आणि "गर्व" चा "गव" होतो. बायकोच्या मते लेखांत काही फरक पडला नाही. विंडोज ९८ शाखेतून गेली तसे तेही गेले. बँकेच्या यंत्रावर ते असायलाच नको होते, एवढा गुन्हा कबूल.

पण माझं भांडण पुढेच आहे. पत्रातला सगळा जोर "कालबाह्य" या एका शब्दावर आहे. साहेब, ज्या विंडोज १० च्या घरात हा भाडेकरू राहतो, तिची स्वतःची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जादा पैसे भरून मुदतवाढ घ्यावी, नाहीतर तीही कालबाह्य. म्हणजे भाडेकरूला काढायला निघालेल्या घरमालकाच्याच दारावर नोटीस लागली! दर आठ-दहा वर्षांनी हे होणार. प्रत्येक वेळी मागचं पुसून टाकलं तर बँकेला दहा वर्षांपलीकडचं काही आठवणारच नाही. आणि आम्ही तर वीस-वीस वर्षांचं गृहकर्ज देतो.

एकेकाळी बँकांतल्या युनियन संगणकाच्या नावानेच भडकत. १९८३ साली करार झाला तोही मोजक्या यंत्रांपुरता, आणि शाखांत आलेल्या यंत्राचं नाव "लेजर पोस्टिंग मशीन" होतं. माझे वडील त्या काळातले कारकून. ते म्हणत, यंत्राला विसरायला सांगता येतं, लेजरला येत नाही. मी तेव्हा हसायचो. लेजर विसरू शकतं हे मला कृष्णामाईने दाखवलं, पण यंत्राला विसरायला सांगणारं पत्र मात्र माझ्याच टेबलावर आलं.

परवा हेड ऑफिसकडून एकाच टपालात दोन पाकिटं आली. दोन्हींवर लाल शाईत "तातडीचे". पहिलं संगणक खात्याचं. खुलासा असमाधानकारक असून सदरची दुसरी कार्यप्रणाली शुक्रवारपर्यंत समूळ काढून टाकावी व तसा दाखला पाठवावा. दुसरं ठेवी खात्याचं. आपल्या शाखेने एका जुन्या ठेवीचा तपशील सादर केल्याचे निदर्शनास आले असून, त्याच धर्तीवर ढोबळ खात्यातील सर्व ३१२ ठेवींचा नावनिशीवार तपशील शुक्रवारपर्यंत पाठवावा.

दोन्ही पत्रं साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी दोन्ही वाचली, एकावर एक ठेवली, क्रम बदलून पुन्हा ठेवली.

"असं करा," साहेब म्हणाले, "आधी काढून घ्या. मग काढून टाका."

"आणि शुक्रवार?"

"कुठला शुक्रवार ते दोघांनीही लिहिलेलं नाही."

सध्या एकेक नाव काढून लिहून घेतो आहे. १८७ झाली. यादी मोठ्याने वाचतो आणि मामा ओळखीचं नाव आलं की "ह्यो वारला", "ही पुण्याला लेकाकडं असती", "ह्यो तर आपला गिरणीवाला" असं सांगत जातो. सगळं एकदम छापून घेता येईल का, असं पोराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "घाई केली की तो शून्याने भागतो, काका." गिरणीवाल्याला मामाने निरोप धाडला आहे, तो उद्या सकाळी पावती घेऊन येतो म्हणाला.